लाइट फिटिंगचा ठेका घ्यायचा तर कोणता कागद लागतो?

दुकानाला, गोदामाला किंवा रुग्णालयाला आग लागल्याची बातमी वाचा. शेवटच्या परिच्छेदात हमखास एक वाक्य सापडेल: ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ तिथं बातमी संपते. ती वायरिंग कुणी केली होती, कुणी तपासली, कुणाच्या सहीनं तिथं मीटर बसला, हे विचारायला सहसा कुणी जात नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले आणि ‘इलेक्ट्रिक ऑडिट’, म्हणजे वीजजोडणीची तपासणी, हा शब्द घराघरांत पोचला.

दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली आणि छतावर सोलर बसवून देणाऱ्यांना कामं मिळू लागली. आयटीआय झालेली, चार-पाच वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबलेली मुलं आता स्वतःचं काम सुरू करायचं म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘माझ्याकडे वायरमनचं परमिट आहे, मग मी ठेका घेऊ शकतो ना?’

नाही घेऊ शकत. आणि पुष्कळांना हे पहिली फाइल परत आल्यावरच कळतं. महाराष्ट्रातली ही सगळी व्यवस्था कशी उभी आहे ते मुळापासून पाहू.

## नियम कुठून आला?

पूर्वी भारतीय विद्युत नियम, १९५६ होते. त्यातला ४५ क्रमांकाचा नियम जुन्या वायरमन मंडळींना आजही तोंडपाठ असतो. पुढे विद्युत अधिनियम, २००३ आला. सुरक्षेचे तपशील ठरवायचं काम या कायद्यानं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे दिलं. प्राधिकरणानं २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. इतक्या वर्षांत कलमांचे क्रमांक बदलत गेले, त्या ४५ व्या नियमातली मूळ अट मात्र तशीच राहिली. ती साध्या मराठीत अशी: ग्राहकाच्या जागेत वीजजोडणीचं काम, म्हणजे नवी वायरिंग, वाढीव काम, फेरफार किंवा दुरुस्ती, राज्य सरकारनं लायसन्स दिलेल्या ठेकेदारानंच करायचं. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची थेट देखरेख हवी. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे सरकारनं दिलेलं किंवा मान्य केलेलं परमिट हवं.

हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात तीन वेगळी माणसं आहेत, आणि पुढचा सगळा गोंधळ या तिघांना एक समजण्यातून होतो.

## मग बल्ब बदलायलाही लायसन्स?

नाही. नियमातच सूट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग यांची अदलाबदल कुणीही करू शकतो. अट एकच: त्या अदलाबदलीनं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जळालेला स्विच काढून तसाच दुसरा लावला तर प्रश्न नाही. त्याच बोर्डावर गिझरसाठी नवा पॉइंट काढला की सूट संपली.

ही रेघ कागदी वाटते, म्हणून जवळून पाहू. जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये गिझर लावायचा आहे. किचनमधल्या डीबीपासून, म्हणजे जिथून घरातली सगळी सर्किटं निघतात त्या डब्यापासून, वेगळी तार ओढायची तर भिंत फोडावी लागेल, टाइल्स जातील. कारागीर म्हणतो, ‘कशाला? इथंच लाइटचा पॉइंट आहे, त्यावरूनच लूप मारतो.’ आता हिशोब करा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर करंट ओढतो. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तार १ चौरस मिलीमीटरची आणि तिच्यावर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ६ अँपिअरचा. गिझर लावला की थोड्या वेळानं एमसीबी पडतो. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्या दिवशी घरातले वैतागतात आणि तोच कारागीर येऊन ६ चा काढून २० चा एमसीबी बसवतो. ट्रिप होणं थांबतं. सगळे खूश.

आता त्या सर्किटवर राखणदार कुणी उरला नाही. पुढं त्याच लायनीवर इस्त्री येते, मग मायक्रोवेव्ह येतो. करंट १३-१५ अँपिअरवर जातो. २० चा एमसीबी गप्प असतो, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. पाइपातली बारीक तार मात्र रोज तिच्या कुवतीपेक्षा जास्त तापते आणि तिचं इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचं आवरण, हळूहळू कडक होऊन तडकतं. काही वर्षांनी बातमीत येतं, शॉर्ट सर्किट. ‘क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये’ या शब्दांचा प्रत्यक्षातला अर्थ हा आहे.

## तीन माणसं, तीन कागद

पहिला वायरमन, सरकारी भाषेत तारतंत्री. तार ओढणं, पाइपिंग, जोड, बोर्ड, डीबी हे काम तो स्वतःच्या हातानं करतो. त्याच्याकडचा कागद म्हणजे परमिट.

दुसरा सुपरवायझर, म्हणजे पर्यवेक्षक. कोणत्या लोडला किती जाडीची तार, अर्थिंग कसं, किती सर्किटं, हे तो ठरवतो आणि काम त्याप्रमाणे झालं का ते तपासतो. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र असतं.

तिसरा ठेकेदार. तो ग्राहकाशी करार करतो, पैसे घेतो, माणसं ठेवतो आणि कामाची जबाबदारी घेतो. त्याच्याकडे लायसन्स असतं, आणि ते बहुतेकदा त्याच्या फर्मच्या नावावर असतं.

मेडिकलच्या दुकानाचं डोळ्यासमोर आणा. दुकानाचा मालक कुणीही असू शकतो, पण नोंदणीकृत फार्मासिस्ट असल्याशिवाय दुकानाला परवाना मिळत नाही. वीजकामाच्या ठेक्याचंही तसंच. ठेकेदार स्वतः इंजिनिअर असलाच पाहिजे असं नाही. पण त्याच्याकडे पूर्णवेळ सुपरवायझर आणि वायरमन नसतील तर लायसन्सला आधार उरत नाही. मालकाकडे स्वतःचंच सुपरवायझरचं प्रमाणपत्र असेल तर गोष्ट सोपी होते. लहान ठेकेदार बहुतेक याच वाटेनं सुरुवात करतात, आणि ती शहाणपणाची वाट आहे.

मेडिकलच्या धंद्यातला रोग इथंही आहे, हेही सांगायला हवं. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस भलतीकडंच. तसंच सुपरवायझरचं प्रमाणपत्र एका फर्मच्या फायलीत आणि तो माणूस दुसऱ्याच कारखान्यात नोकरीला. त्यावर पुढं बोलू, कारण या सगळ्या व्यवस्थेचं दुखणं तिथंच आहे.

## परमिट आणि प्रमाणपत्र कसं मिळतं?

वायरमनच्या परमिटची सरळ वाट आयटीआयमधून जाते. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पुढं शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप केली तर अनुभवाचा कागद तयार होतो. ज्यांनी आयटीआय केलेलं नाही, पण वर्षानुवर्षं लायसन्सधारक ठेकेदाराकडे काम केलंय, त्यांच्यासाठी परीक्षेची वाट असते.

सुपरवायझरच्या प्रमाणपत्रासाठी इलेक्ट्रिकलची पदवी किंवा पदविका आणि त्यावर कामाचा अनुभव, ही एक वाट. परीक्षा देऊन ते मिळवणं, ही दुसरी. परीक्षेची वाट लांब असली तरी माझ्या मते ती कमी प्रतीची नाही. वीस वर्षं साइटवर घालवलेला माणूस परीक्षेला बसतो तेव्हा त्याची अडचण ज्ञानाची नसते. अडते ती लिहिण्याची सवय. सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे सगळी जोडणी एकेरी रेघेत दाखवणारी आकृती, काढायचा सराव केला आणि नियमांची पुस्तिका दोनदा नीट वाचली तर पुष्कळ गाडी पुढं जाते.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल एक सूचना. दाखला लायसन्स असलेल्या ठेकेदाराचा असावा, त्यावर लायसन्स नंबर असावा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं असावं. ‘होतकरू आणि प्रामाणिक आहे’ एवढंच लिहिलेला दाखला लग्न जुळवायला चालेल, इथं चालत नाही. हाताखाली काम करतानाच दरवर्षी मालकाकडून असा कागद लिहून घेत जा. पाच वर्षांनी मालकाशी बिनसलेलं असतं आणि मग तो दाखला मिळता मिळत नाही.

## ठेकेदाराच्या लायसन्ससाठी काय दाखवावं लागतं?

लायसन्स देण्याचं काम राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ करतं. ‘अनुज्ञप्ती’ म्हणजे लायसन्स. सरकारी पत्रात हाच शब्द भेटेल, म्हणून एकदा सांगून ठेवतो. पुढं मी लायसन्सच म्हणणार. महावितरणच्या कार्यालयात याचा अर्ज करता येत नाही. पुष्कळ जण आधी तिथंच चक्कर मारतात. महावितरण वीज पुरवते. लायसन्स आणि तपासणी हा शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेचा विषय आहे, आणि तिच्या प्रमुखपदी मुख्य विद्युत निरीक्षक असतात.

अर्जासोबत ढोबळमानाने चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तुम्ही कोण (व्यक्ती, भागीदारी की कंपनी), तुमचा पत्ता कुठं, तुमच्याकडे माणसं कोण आणि तुमच्याकडे यंत्रं कोणती. पहिल्या दोन गोष्टी कागदपत्रांच्या आहेत, पार पडतात. माणसांच्या बाबतीत सुपरवायझरचं मूळ प्रमाणपत्र, त्याचं संमतीपत्र आणि नेमणुकीचा कागद लागतो. एक सुपरवायझर एका वेळी एकाच ठेकेदाराच्या लायसन्सवर दाखवता येतो. मित्राचं प्रमाणपत्र आधीच कुठंतरी लावलेलं असेल तर अर्ज तिथंच अडतो, म्हणून हे सगळ्यात आधी विचारून घ्या.

यंत्रांचा मुद्दा मात्र फार थोडे लोक गंभीरपणे घेतात. इन्सुलेशन तपासायचा मेगर, अर्थिंग तपासायचा अर्थ टेस्टर, तार न तोडता करंट मोजायचा टाँग टेस्टर, मल्टिमीटर अशी यादी असते. पुष्कळ जण ती अर्जापुरती जमवतात, बिल जोडतात आणि पुढं मेगर कपाटात जातो. साइटवर मग टेस्ट लॅम्पवर, म्हणजे तारा जोडलेल्या साध्या बल्बवर, सगळं भागतं. टेस्ट लॅम्प एवढंच सांगतो की वीज आली. तार आतून शाबूत आहे का, हे त्याला सांगता येत नाही.

मेगर काय सांगतो ते पाहा. वायरिंग पूर्ण झाली आहे, मीटर अजून बसायचा आहे. मेन बंद. दिवे काढलेले, उपकरणं सुटी केलेली, एलईडीचे ड्रायव्हर आणि इतर नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्किटपासून तोडलेल्या. सगळे एमसीबी आणि स्विच चालू स्थितीत. आता फेज आणि न्यूट्रल एकत्र करून ते आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावायचा. रोध किमान १ मेगओहम आला पाहिजे. कोरड्या, नव्या घरात तो याच्या कितीतरी पट येतो. समजा काटा ०.३ वर थांबला. मग एकेक एमसीबी पाडत जायचं. कुठला पाडल्यावर आकडा उसळी मारतो ते बघायचं. हॉलचं सर्किट पाडलं आणि आकडा एकदम वर गेला, तर दोष हॉलच्या लायनीत. बहुधा स्लॅबमधल्या पाइपात पाणी साचलेलं असतं, नाहीतर फर्निचरवाल्याचा खिळा तारेला चाटून गेलेला असतो. वीज चालू केली असती तरी दिवा लागला असता. गळती मात्र चालू राहिली असती, आणि एखाद्या पावसाळ्यात कुणीतरी ओल्या भिंतीला हात लावला असता.

## टेस्ट रिपोर्ट: खरी विक्री सहीची

नव्या वीजजोडणीचा अर्ज, ज्याला लोक ए-वन फॉर्म म्हणतात, तो भरताना लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतात. जागेतली वायरिंग तपासली, इन्सुलेशन इतकं आलं, अर्थिंग ठीक आहे, लोड इतका आहे, असं त्यात लिहिलेलं असतं आणि खाली ठेकेदाराची सही-शिक्का असतो.

हा कागद बाजारात सुटाही मिळतो, हे उघड गुपित आहे. वायरिंग एकानं केलेली, रिपोर्टवर सही दुसऱ्याची, आणि सही करणाऱ्यानं ती जागा कधी पाहिलेलीच नाही. मेगरच्या रकान्यात आकडाही अंदाजपंचे. रिपोर्टवर प्रत्येक सर्किटचा आकडा अगदी सारखा दिसला तर समजायचं की मेगर कपाटातच होता.

नव्यानं लायसन्स घेणाऱ्याला हा मोह लवकर भेटतो. काम मिळत नाही तोवर सह्या विकायच्या, बसल्या जागी पैसे. पण हिशोब उलट बाजूनं करून पाहा. अपघात झाला की विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ खाली त्याची सूचना द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतात. जागेवरच्या तारा जळून गेलेल्या असतात, वायरमन परगावी गेलेला असतो. फायलीत टेस्ट रिपोर्ट मात्र शाबूत असतो, आणि त्यावर तुमचं नाव. कायदा किंवा विनियम मोडल्याबद्दल २००३ च्या मूळ कायद्याच्या कलम १४६ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढंही तसंच चालू ठेवलं तर रोजचा पाच हजारांपर्यंत वाढीव दंड सांगितला आहे. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं निष्काळजीपणाचं कलम १०६ लागू शकतं आणि तिथं शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. एका सहीचे जे काही मिळतात, त्या मानानं ही जोखीम फार मोठी आहे.

## ‘माझ्याकडे बी.ई. इलेक्ट्रिकल आहे, मला कशाला लायसन्स?’

पदवीनं तुम्हाला विषय येतो हे सिद्ध होतं. ठेका घेतलेल्या कामाला जबाबदार फर्म कोणती, तिच्याकडे माणसं आणि यंत्रं आहेत का, हे पदवीत लिहिलेलं नसतं. पदवीचा फायदा इतकाच की सुपरवायझरच्या प्रमाणपत्राची वाट जवळची होते, आणि तो फायदा लहान नाही.

## ‘गावात कुणीच विचारत नाही’

खरं आहे. गावात मोटारीचं स्टार्टर बसवणाऱ्याला, नव्या घराची फिटिंग करणाऱ्याला लायसन्स नंबर विचारलेला मी तरी पाहिला नाही. पण जिथं पैसा मोठा आहे तिथं पहिला प्रश्न तोच असतो. सोसायटीचं रिवायरिंग, शाळा, मंगल कार्यालय, कोल्ड स्टोरेज, बँकेची शाखा, सरकारी काम, यातलं काहीही लायसन्सशिवाय सरळ मार्गानं मिळत नाही. लायसन्स नसलेला हुशार कारागीर आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर काम करतो आणि नफ्याचा वाटा त्याला देत राहतो.

## ‘हे सगळं परवाना राज आहे’

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकू नये. कागद जास्त आहेत, फेऱ्या होतात, आणि सुपरवायझर फक्त कागदावर असला तर एवढ्या खटाटोपाचा सुरक्षेला शून्य उपयोग. पण लायसन्स काढून टाकून बाजारावर सोडायचं म्हटलं तरी एक अडचण राहतेच. गवंड्यानं भिंत वाकडी बांधली तर मालकाला दिसते. वायरिंग प्लास्टरच्या आत जाते. चांगली आणि वाईट, दोन्हींवर पंखा सारखाच फिरतो. फरक दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात आणि दिसतो तो एकदमच. ग्राहकाला जे तपासता येत नाही, ते तपासून सही करणारा कुणीतरी हवा, इतकाच लायसन्सचा मूळ हेतू. दुरुस्ती करायचीच तर माझं मत असं: कागद कमी करा आणि टेस्ट रिपोर्टांची अचानक जागेवर जाऊन पडताळणी वाढवा.

## लायसन्स मिळालं म्हणजे सरकारी टेंडर भरता येतं?

लगेच नाही. लायसन्स म्हणजे काम करायचा कायदेशीर अधिकार. नोंदणी म्हणजे एखाद्या खात्यानं तुम्हाला आपल्या यादीत घेणं. सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत कामांसाठी स्वतंत्र ठेकेदार नोंदणी असते, आणि किती रकमेपर्यंतची कामं तुम्हाला भरता येतील ते तुमच्या नोंदणीच्या वर्गावरून ठरतं. सूर्यघर योजनेतून अनुदान मिळणारं काम करायचं तर तिथं विक्रेता म्हणून नोंद वेगळी. एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

बाकीचे धंद्याचे कागद कुठल्याही सेवा व्यवसायाला लागतात तेच: दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, व्यवसाय कर, मोफत होणारी उद्यम नोंदणी, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी. मोठे बिल्डर आधीच जीएसटी नंबर मागतात, त्यामुळं पुष्कळ जण मर्यादेच्या आतच तो घेऊन टाकतात. कामगारांचा अपघात विमा मात्र पहिल्या दिवसापासून काढा. शिडीवरून पडणारा माणूस उलाढाल विचारून पडत नाही.

## सोलरच्या कामात वेगळं काय?

इथं थोडं थांबायला हवं, कारण नवी मुलं नेमकी याच कामात शिरतायत आणि घरगुती फिटिंगची सवय इथं दगा देते.

आपल्या घरातली वीज एसी असते. तिचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, म्हणजे सेकंदातून १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना ठिणगी पडली तरी त्या शून्याच्या क्षणी ती विझायला मदत होते. पॅनलमधून येणारी वीज डीसी. तिला असं शून्य नाही. सैल कनेक्टरमध्ये एकदा ठिणगी धरली की ती जळत राहू शकते. त्यात पॅनल ओळीनं जोडलेली असली की त्या ओळीचा, म्हणजे स्ट्रिंगचा, दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. म्हणून एसीचा एमसीबी डीसीच्या डब्यात बसवणं हा काटकसरीचा विषय नव्हे.

दुसरं असं की मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, ही आपली घरातली समजूत छतावर चालत नाही. ऊन आहे तोवर पॅनलच्या टोकांना दाब असतोच. आणि पॅनलच्या डीसीची एसी करून ती बाहेरच्या वीजजाळ्याला (ग्रीडला) जोडणारा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्यावर स्वतःहून थांबला पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात तुमच्या छतावरची वीज जाईल. ही सोय इन्व्हर्टरमध्ये असते, पण ती चालते का हे जोडणीच्या दिवशी मेन पाडून दाखवायचं काम ठेकेदाराचं.

## कारखान्याचं, हाय टेन्शनचं (जास्त दाबाच्या विजेचं) काम याच लायसन्सवर होतं का?

लायसन्सवर आणि सुपरवायझरच्या प्रमाणपत्रावर कोणत्या दाबापर्यंतचं काम करता येईल ते लिहिलेलं असतं. ते वाचूनच काम घ्या. ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन अशा कामात एक पायरी वाढते. शासनानं ठरवून दिलेल्या दाबाच्या वरची जोडणी चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि मंजुरी लागते. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठीही विनियमांत स्वतंत्र तरतुदी आहेत. करारात तारीख लिहून देताना या मंजुरीचे दिवस धरायला लोक विसरतात, आणि मग बिल्डर उशिराचा दंड ठेकेदाराच्या बिलातून कापतो.

## शेजारच्या राज्यात काम मिळालं तर?

लायसन्स राज्य सरकार देतं. मिरजेच्या ठेकेदाराला बेळगावात काम मिळालं तर महाराष्ट्राचा कागद तिथं आपोआप चालेल असं धरू नका. परमिटाबाबत नियमाची भाषा ‘दिलेलं किंवा मान्य केलेलं’ अशी आहे, म्हणजे दुसऱ्या राज्याचा कागद मान्य करण्याची सोय आहे, पण मान्यता त्या राज्यानं द्यायची. काम उचलण्याआधी तिथल्या निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारा.

## सुपरवायझर सोडून गेला तर?

हा प्रश्न अर्ज करताना कुणी विचारत नाही आणि वर्षभरात बहुतेकांवर येतो. चांगला सुपरवायझर कारखान्यात जास्त पगारावर जातो, किंवा स्वतःचं लायसन्स काढतो. तो गेल्याचं मंडळाला कळवून त्याच्या जागी दुसरा दाखवावा लागतो. मधल्या काळात त्याच्या नावावर टेस्ट रिपोर्ट काढत राहणं म्हणजे तो देखरेखीला होता असं खोटं लिहून देणं. त्याच्या नेमणूकपत्रात सोडण्याआधी ठरावीक मुदतीची नोटीस द्यायची अट घाला, आणि आपल्या वायरमनपैकी कुणी परीक्षेला बसण्याजोगा असेल तर त्याची फी आणि अभ्यासाची सुट्टी आजच ठरवून टाका. लायसन्सच्या नूतनीकरणाची तारीख आणि सुपरवायझरच्या प्रमाणपत्राची तारीख वेगवेगळ्या असतात. दोन्ही एकाच कागदावर लिहून ऑफिसात लावा. दोन्हींपैकी जी आधी संपते, तिच्यापाशी काम थांबतं.